त्या बातमीदारानं पेपर सोडला, कुणाला वाईट वाटलं, कुणी पेढे वाटले

बाळीवेसकर | सोमवार, रात्री ९.४०

शनिवारच्या अंकात पान तीनवर खाली त्याची दोन कॉलमी बातमी होती, हिप्परगा तलावाकडच्या गळतीची. रविवारी कळलं, ती शेवटची. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. ज्यांना सोलापूर महापालिकेत एकदा तरी जन्मदाखल्यासाठी चकरा मारायला लागल्यात त्या सगळ्यांना माहीत आहे मी कुणाबद्दल बोलतोय.

आज सकाळी महापालिकेच्या इंद्रभुवनकडं कामाला गेलो होतो. गेटच्या बाहेर दोघं-तिघं पेढे वाटत होते, निमित्त विचारलं तर हसले. दुपारी कुंभारीहून आमच्या नात्यातल्या एका काकूंचा फोन. तिकडं विडी कामगारांच्या घरकुलातल्या बायकांनी त्याला बोलावून टॉवेल-टोपी आणि नारळ दिला म्हणे, एक-दोघी रडल्या पण. एकाच दिवशी एकाच माणसासाठी पेढे आणि नारळ. म्हणून धागा काढला.

माझा अनुभव सांगतो. आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही रात्री दीडला, चाळीस मिनिटं. पलीकडच्या गल्लीत त्याच टाकीवरून दोन तास. आम्ही सगळे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या पोराला शिव्या द्यायचो. हा माणूस तीन रात्री त्या पोराबरोबर सायकलवर फिरला. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडतो, कुणाच्या फोनवर जास्त उघडतो, हे गल्लीवार छापलं. आठ दिवसांत टाकीवर वेळापत्रकाची पाटी लागली. पाणी वाढलं नाही, पण रात्री दीडचं साडेनऊला आलं. माझ्या आईला ते पुरेसं होतं.

पण त्याच माणसानं आमच्या शाळेच्या छताबद्दल अशी बातमी केली की जणू आम्ही मास्तर लोक पोरांच्या अंगावर मुद्दाम पोपडे पाडतो. विचारायला फोनसुद्धा केला नाही. ते मी विसरलेलो नाही.

तर बोला.

डिस्को_भजी | सोमवार, रात्री ९.५२

पहिला नंबर. पार्क चौकात उभा राहून भजी खात खात वाचूलालोय. चालू द्या.

जुनी_नस्ती | सोमवार, रात्री १०.१५

पेढे वाटणाऱ्यांत मी नव्हतो, पण एखादा घेतला असता. महापालिकेत एकतीस वर्षं कारकुनी केली, आता निवृत्त. त्यामुळं थोडं आतलं.

ह्यांची एक ठरलेली ओळ असायची : ‘संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क साधला असता तो होऊ शकला नाही.’ साहेब, तुम्ही फोन कधी केला ते पण छापा ना. रात्री साडेनऊला. पान लागत आलेलं असताना. अधिकारी जेवायला बसलेला, अनोळखी नंबर, उचलत नाही. सकाळी नऊ वाजता अख्खं शहर म्हणतं, बघा, तोंड लपवतोय.

दुसरं. लोकांना वाटतं हा शेरलॉक होम्ससारखा पुरावे शोधायचा. अहो, कागद आमच्यातलेच द्यायचे. ज्याची बढती हुकली तो द्यायचा. ज्या ठेकेदाराची निविदा महाग ठरून काम हुकलं तो काम मिळालेल्या ठेकेदाराची फाईल पोचवायचा. झेरॉक्स आमच्याच मशीनवर निघायची आणि दुसऱ्या दिवशी ‘खळबळ’. खळबळ कसली, अर्धी इमारत आदल्या दिवशीच वाचून बसलेली असायची.

तरी एक गोष्ट मान्य करतो. सभेची विषयपत्रिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा पत्रकार कक्षात तो एकटाच. बाकीचे सभा संपली की विचारायचे, ‘काय झालं हो मुख्य?’ आणि ज्यांना सभा माहीत आहेत त्यांना हेही माहीत आहे की खरा माल विषयपत्रिकेत नसतोच. तो ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी येतो, निम्मे सदस्य चहाला गेल्यावर. हा तेव्हा खुर्ची सोडायचा नाही. लघवीलाही जायचा नाही, आम्ही पैज लावायचो.

हजार_विड्या | सोमवार, रात्री १०.४८

घरकुलातल्या बायका म्हणजे माझी आईपण होती त्यात. ती रडली नाही, ती रडत नसते कधी. नारळ तिनं दिला.

आई चाळीस वर्षं विड्या वळते. ब्रँचला हजार विड्या नेल्या की त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढतात. तेंदूचा पत्ता खराब, गुंडाळी सैल, काहीतरी कारण. छाटीचे पैसे नाहीत. पण ती छाट परत पण देत नाहीत. मग जाते कुठं? हा प्रश्न आमच्या बायका वीस-पंचवीस वर्षं एकमेकींना विचारत होत्या. त्यानं तो छापला, एवढंच त्यानं केलं. आमच्याकडं येऊन बसला, ‘एम अक्का, बागुन्नारा?’ असं तेलुगूत विचारलं, आणि सुपात तंबाखू घेऊन बसलेल्या बायकांसमोर दोन तास गप्प बसून ऐकत राहिला. पूर्व भागात येणारे बाकीचे पत्रकार आधी पुढाऱ्याच्या घरी जातात आणि पुढारी सांगेल त्या बाईशी बोलतात.

छाट बंद झाली नाही. कमी झाली. भविष्यनिर्वाह फंडाच्या पावत्या मात्र वेळेवर यायला लागल्या.

उसाचा_फड | सोमवार, रात्री ११.०५

आमच्या बाजूनं पण लिहा कुणीतरी. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानांना अडथळा म्हणून. त्याच्या आधी कितीतरी वर्षं हा माणूस विमानतळ, विमानतळ करत होता. जणू सोलापूरच्या प्रत्येक पोराला सकाळी उठून विमानातच बसायचंय. चिमणी म्हणजे ह्यांच्या लेखी ‘अडथळा’. सभासदांच्या लेखी काय होती ते विचारायला दक्षिण सोलापूरच्या एका तरी फडात आला का? गाळपाचं काय, वीज तयार होत होती तिचं काय, ह्याच्यावर एक चौकट. तीन दिवसांत एक चौकट!

पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर सहा फोटो. पडतानाचे, क्रमानं. लग्नाच्या अल्बमसारखे.

गेला ते बरं झालं.

हुतात्मा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ११.३०

@उसाचा_फड, भावना समजते, पण २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झाल्यावरही विमान कुठाय म्हणून सगळ्यात जास्त हाणलं ते पण त्यानंच. ‘चिमणी गेली, विमान येईना’ अशा सुराच्या बातम्या महिनोन् महिने. जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं तेव्हा कुठं थांबला. म्हणजे तो एका बाजूचा होता असं म्हणवत नाही.

मी हडपसरला राहतो. घर सोडून अकरा वर्षं झाली. रोज मोबाइलवर सोलापूरचा पेपर उघडतो आणि खरं सांगायचं तर त्याचं नाव शोधतो. बाकी सगळं वाढदिवस. पूर्ण पान वाढदिवस, अर्धं पान वाढदिवस, ‘भावी’ लोकांचे वाढदिवस.

डिस्को_भजी | सोमवार, रात्री ११.३४

भावी बातमीदार कोण बे मग आता

[प्रतिसाद काढून टाकला आहे] | मंगळवार, सकाळी ७.१०

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी ७.४५

वरच्या प्रतिसादात संबंधित व्यक्तीचं नाव, घरचा पत्ता आणि गाडीचा नंबर होता. काढला आहे. ह्या धाग्यावर बातमीदाराचं, त्याच्या कुटुंबाचं, पेपरचं नाव नको. आरोप करायचा असेल तर स्वतः पाहिलेलं लिहा, ‘असं म्हणतात’ नको.

कोर्टफी_स्टँप | मंगळवार, सकाळी ९.२०

व्यवस्थापकांना अनुमोदन. वकील म्हणून एक भर. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. आधीचं दंड संहितेतलं ४९९-५०० विसरा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा समाजसेवा. ह्या माणसावर माझ्या माहितीत तीन-चार नोटिसा निघाल्या, त्यातली एक मीच पाठवली होती, अशिलाच्या सांगण्यावरून. उत्तरात त्यानं कागदांचा असा गठ्ठा जोडला की अशिलाला मी म्हणालो, घरी जा, झोप.

आणि गाडीचा नंबर टाकणाऱ्यासाठी : दोन वर्षांपूर्वी ती गाडी रात्री कुणीतरी फोडली होती. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली करता येत नाही. हे कलम लावून घ्यायला त्याला ठाण्यात चार तास बसायला लागलं. मी बरोबर होतो. ज्याच्या बातमीनं माझ्या अशिलाचं नुकसान झालं, त्याच्याच शेजारी बाकड्यावर बसून चहा पीत होतो. सोलापूर लहान आहे.

पेपरवाला_अण्णा | मंगळवार, सकाळी ११.००

लाइन उरकून आत्ता बसलो. आम्हाला कोण विचारत नाई म्हणून न विचारता सांगतो.

पहाटे गठ्ठा फोडला की आम्ही पहिलं काय बघतो? पुरवणी किती जाड हाय ते. कारण ती आम्हालाच आत घालायची असते. दुसरं, पान एक आणि तीन. त्याची मोठी बातमी असली की मी स्टॉलसाठी पंधरा अंक जादा उचलायचो. नऊच्या आत संपायचे. आणि कधीकधी काय व्हायचं माहिताय का, कोण तरी यायचं आणि सगळेच्या सगळे घ्यायचं. ‘किती आहेत? द्या सगळे.’ मोजायचं पण नाई. ज्याच्याबद्दल बातमी असायची त्याचीच माणसं. त्या गल्लीतनं पेपरच गायब. मी दुसरा गठ्ठा मागवून परत विकायचो. माझा धंदा डबल!

रविवारी त्याचं गेलेलं कळलं तेव्हा एका गिऱ्हाइकानं पेपर बंद केला. एकानं चालू केला. हिशोब बरोबर.

बाळीवेसकर | मंगळवार, दुपारी १.१५

अण्णा, हे भारी आहे.

पण मूळ प्रश्न राहतोय, तो गेला का? मला चार गोष्टी ऐकायला मिळाल्या. एक, दुसऱ्या आवृत्तीला बदली केली, त्यानं नाकारली. दोन, जाहिरातीचं टार्गेट. तीन, स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढतोय. चार, डॉक्टरांनी सांगितलं. कुणाला नक्की माहीत असेल तर…

डाक_आवृत्ती | मंगळवार, दुपारी ३.४०

नक्की माहीत असलेला इथं लिहिणार नाही, आणि लिहील त्याला माहीत नसेल. मी त्याच्याबरोबर एकाच ऑफिसात डेस्कवर होतो, उपसंपादक म्हणून. सहा वर्षं. आता ह्या धंद्यात नाही, म्हणून लिहू शकतो.

काही गोष्टी धंद्याबाहेरच्यांना कळाव्यात म्हणून.

बातमी बातमीदार लिहितो, मथळा लिहीत नाही. मथळा डेस्कवरचा माणूस देतो, आणि त्याच्यापुढं दोन घड्याळं असतात. आधी डाक आवृत्ती सुटते, ती अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याकडं जाते. मग शहर. मधल्या वेळात पान फिरतं, जाहिरात आली तर बातमी अर्धी होते. अर्धी करताना जे कापलं जातं ते बहुतेक वेळा खालचं असतं, आणि खाली बहुतेक वेळा दुसरी बाजू असते. @बाळीवेसकर, तुमच्या शाळेच्या बातमीचं मला आठवत नाही, पण मुख्याध्यापकांचं म्हणणं शेवटच्या परिच्छेदात होतं असं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

पाकिटाबद्दल. काढलेल्या प्रतिसादात जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा उल्लेख होता, मी तो वाचला. त्याची बायको शिक्षिका आहे, कर्ज तिच्या पगारावर आहे. बातमीदाराच्या पगारावर कुठली बँक कर्ज देते? पत्रकारांच्या पगाराबद्दलच्या मजिठिया आयोगाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वैध ठरवल्या. त्यानंतर आमच्यातल्या बहुतेकांच्या हातात कंत्राटाचा कागद आला. तालुक्याच्या वार्ताहराला तर पगारच नसतो, जाहिरातीवरचं कमिशन असतं. ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच पुढाऱ्याची बातमी करायची. पाकीट घेणारे आहेत, मी नावानिशी ओळखतो. हा त्यात नव्हता.

त्याचे दोष वेगळे होते. त्याला आपण चुकू शकतो हे पटायचं नाही. एकदा एखादा माणूस चोर आहे असं त्यानं मनात घेतलं की त्या माणसानं सिद्धेश्वराला सोन्याचा कळस चढवला असता तरी हा विचारायचा, सोनं कुठून आणलं. आणि ऑफिसात ज्युनिअर पोरांना बोलायचा ते ऐकवत नव्हतं. दोन पोरी त्याच्यामुळं नोकरी सोडून गेल्या. ते पण लिहायला पाहिजे.

उसाचा_फड | मंगळवार, दुपारी ४.०५

हे प्रामाणिक आहे. धन्यवाद.

जुनी_नस्ती | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

मथळा डेस्क देतो, ठीक. पण खाली नाव त्याचं. कौतुकाचे फोन घेताना कधी म्हणाला का तो, मथळा माझा नाही?

हुतात्मा_एक्सप्रेस | मंगळवार, संध्याकाळी ६.४१

+१. हा मुद्दा बरोबर.

शुक्रवारपेठ_माहेर | मंगळवार, रात्री १०.२०

दोन दिवस वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझ्या वडिलांचं रेशन दुकान होतं. २०१६, जानेवारी, गड्ड्याचा म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा आठवडा. घरात पाहुणे भरलेले, आत्या गुलबर्ग्याहून आलेल्या. यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी सकाळी पेपर आला. ‘रेशनचा गहू काळ्या बाजारात’ आणि त्याखाली फोटो. आमच्या दुकानाचा. पाटीवरचं नाव वाचता येत होतं. बातमीवर त्याचं नाव.

बातमीत आमचं नाव कुठंच नव्हतं. ट्रक सापडला होता तो दुसऱ्याच भागात, दुसऱ्याच दुकानाचा. पण पेपर कोण वाचतं हो, लोक फोटो बघतात. दुपारपर्यंत गिऱ्हाईक येऊन तोंडावर विचारायला लागले. शेजारच्यांनी विचारलं नाही, ते जास्त वाईट.

वडील लहानपणापासून बाराबंदीचा पांढरा पोशाख घालून यात्रेतल्या नंदीध्वजांबरोबर चालायचे. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाची अक्षता होती. आईनं बाराबंदी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. ते उठलेच नाहीत. बाहेर हलग्या वाजत गेल्या, आम्ही सगळे घरात.

अकरा दिवसांनी पान सहावर चार ओळी आल्या. ‘अनवधानाने’. वडिलांनी त्या कापून लॅमिनेट करून वजनकाट्याशेजारी ठेवल्या. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. ज्यांनी फोटो बघितला होता त्यातल्या दहांतल्या एकानं त्या ओळी वाचल्या असतील. शेवटी शेवटी तर असं झालं की ज्यांनी मूळ बातमी बघितलीच नव्हती त्यांनाही ते दाखवायचे, आणि त्या लोकांना तिथंच पहिल्यांदा कळायचं.

२०१९ ला वडील गेले. बातमीमुळं गेले असं मी म्हणणार नाही, त्यांना शुगर होती. दुकान आम्ही त्याआधीच सोडलं होतं.

ज्या बायकांनी नारळ दिला त्यांचं खरं आहे. माझंही खरं आहे. त्या दिवसापासून आमच्याकडं पेपर येत नाही.

हजार_विड्या | मंगळवार, रात्री १०.४४

ताई, काय बोलू.

डिस्को_भजी | मंगळवार, रात्री १०.५०

सॉरी. मी वर येडेपणा केला.

कोर्टफी_स्टँप | मंगळवार, रात्री ११.१५

तेव्हा कुणी सल्ला दिला नाही का, हे विचारणं आता निरर्थक आहे. प्रेस कौन्सिलकडं तक्रार करता आली असती, पण १९७८ च्या कायद्यानं त्यांच्या हातात ताकीद देणं, ठपका ठेवणं ह्यापलीकडं काही नाही. दंडाचा अधिकार नाही. दिवाणी दाव्याला वर्षं लागली असती आणि प्रत्येक तारखेला तो फोटो परत कोर्टापुढं आला असता. खूप लोक ह्याच कारणानं दावा करत नाहीत.

व्यवस्थापक | बुधवार, सकाळी ८.००

काही प्रतिसाद हलवले. ‘पूर्वीचे पत्रकार विरुद्ध आत्ताचे’ ही चर्चा वेगळ्या धाग्यावर करा. त्यातला चार हुतात्म्यांचा मुद्दा इथं ठेवतो.

हुतात्मा_एक्सप्रेस | (हलवलेल्या चर्चेतून)

…चौकातल्या चार पुतळ्यांतले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, ‘गझनफर’ नावाचं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ते, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. ज्या गाडीनं मी दर महिन्याला घरी येतो तिचं नाव त्यांच्यावरून आहे. मी तिच्यात बसून वाढदिवसाच्या जाहिराती वाचतो.

जुनी_नस्ती | बुधवार, सकाळी १०.१०

पुतळ्यांना ह्यात ओढू नका. तिथं गळ्याचा प्रश्न होता, इथं टीआरपीचा.

हुतात्मा_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी १०.१२

पेपरला टीआरपी नसतो काका. खप असतो.

जुनी_नस्ती | बुधवार, सकाळी १०.१५

तेच ते.

डाक_आवृत्ती | बुधवार, रात्री ११.५०

@शुक्रवारपेठ_माहेर

काल रात्री तुमचं वाचलं तेव्हा लगेच लिहायला पाहिजे होतं. दिवसभर लिहून खोडत होतो.

तो फोटो मी लावला.

बातमी साडेदहाला आली. फोटोग्राफर यात्रेच्या बंदोबस्ताच्या फोटोंना अडकलेला. चार कॉलमी बातमी, पानावर फोटोला जागा सोडलेली. संगणकात ‘रेशन’ असं शोधलं, रांगेच्या एका जुन्या बातमीचा फोटो निघाला, तुमच्या वडिलांच्या दुकानाचा. खाली ‘संग्रहित छायाचित्र’ हे दोन शब्द टाकायचे असतात. पान लावणाऱ्याला मी सांगितलं असं मला वाटलं होतं. कदाचित सांगितलं नव्हतं. पाटी वाचता येतेय हे मी पडद्यावर बघितलं नाही, कागदावर सकाळी बघितलं.

बातमीदारानं तो फोटो छापून येईपर्यंत पाहिलासुद्धा नव्हता. सकाळी त्यानं ऑफिसात माझ्यावर जे तोंडसुख घेतलं ते अजून आठवतं. त्या चार ओळींना अकरा दिवस लागले, कारण वरच्यांना ‘दुरुस्ती दिली तर नोटीस येईल’ अशी भीती. मी तेव्हा गप्प बसलो. बातमीवर त्याचं नाव होतं, माझं कुठंच नव्हतं.

इथं दोन दिवस डेस्कच्या अडचणी सगळ्यांना समजावून सांगत होतो, तेव्हाही हे मला माहीत होतं. फक्त ते दुकान तुमचं, हे माहीत नव्हतं.

शुक्रवारपेठ_माहेर | गुरुवार, सकाळी ६.३५

तो घरी आला होता.

छापून आल्यावर, यात्रेतलं शोभेचं दारूकाम झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी. वडील दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. आईनं पाणीसुद्धा दिलं नाही, आमच्या घरात असं कधी होत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला, चूक माझी आहे. वडील म्हणाले, मग तसं छापा. तो म्हणाला, प्रयत्न करतो. गेला.

इतकी वर्षं मला वाटत होतं, फोटो त्यानंच लावला. तो तसंच म्हणाला होता ना. तुमचं नाव त्यानं घेतलं नाही.

मला आत्ता राग कुणावर करायचा ते कळत नाहीये. तुमच्यावर करायला पाहिजे. सकाळ सकाळ जमत नाहीये.

डाक_आवृत्ती | गुरुवार, सकाळी ७.०२

तुम्ही सांगाल तिथं येऊन भेटेन.

शुक्रवारपेठ_माहेर | गुरुवार, सकाळी ७.३०

नको. आईला परत सगळं सांगायला लागेल.

पेपरवाला_अण्णा | गुरुवार, सकाळी ११.२०

मी त्या पेठेत तेव्हा लाइन टाकत होतो ताई. त्या दिवशी तुमच्या दारात पण मीच टाकला असणार. आम्ही मथळे वाचतो, फोटो बघतो, आणि पुढच्या दाराला जातो.

बाळीवेसकर | गुरुवार, रात्री ९.१५

धागा काढताना एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. ह्यावर मी काही बोलत नाही.

एक वेगळीच अडचण. काल आमच्याकडं पाणी सहाव्या दिवशी आलं. टाकीवर गेलो तर पाटी रंगवून पांढरी केलेली, नवीन वेळ लिहिलेली नाही. व्हॉल्व्हवर नवा पोरगा आहे. गल्लीतले म्हणाले, पेपरला कळवा. कुणाला कळवायचं? ऑफिसला फोन लावला, एका मुलीनं घेतला, चांगली बोलली, म्हणाली महापालिका आता तीच बघते आणि शिक्षणही आणि रेल्वेही.

टँकरचं पण चालूच आहे. कुठं किती खेपा जातात, देव जाणे.

जुनी_नस्ती | गुरुवार, रात्री ९.४०

देव कशाला, लॉगबुक जाणतं. प्रत्येक टँकरचं लॉगबुक असतं, खेप सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, कुणीतरी सही केलेली. तातडीची कामं म्हणून आयुक्तांच्या अधिकारात महापालिका कायद्याच्या कलम ६७ (३) (क) खाली काय काय उरकलं त्याचीही यादी असते. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढं प्रशासक आले, त्यानंतर हे वाचून दाखवणारंच कुणी उरलं नव्हतं. मागितलं की मिळतं. मागायला पाहिजे.

कोर्टफी_स्टँप | गुरुवार, रात्री ९.५५

माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. उत्तर नाही आलं तर प्रथम अपील मी बघतो, फुकट.

बाळीवेसकर | गुरुवार, रात्री १०.४०

मसुदा केलाय. गेल्या सहा महिन्यांचं व्हॉल्व्हचं वेळापत्रक, टँकरचं लॉगबुक, आमच्या शाळेच्या छताच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक पण घातलं म्हटलं एकाच दगडात. कुणी बघून देईल का?

डाक_आवृत्ती | शुक्रवार, रात्री १२.२०

बघितला. दोन अडचणी. आपल्या राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय चालतो, तेव्हा शाळेचं छत काढा, त्याचा वेगळा अर्ज करा. आणि शब्द दीडशेच्या आत लागतात, तुमचे दोनशे दहा आहेत. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की’ हे सगळं गेलं तरी चालेल. टाकीचं नाव आणि झोन पहिल्या ओळीत घ्या, नाहीतर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ म्हणून परत येईल. ‘लॉगबुकची माहिती’ नको, ‘लॉगबुकच्या पानांची छायाप्रत’ लिहा.

कापून सकाळपर्यंत पाठवतो. शेवटचा परिच्छेद कापणार नाही.